जहाज सातला लागतं, तुमचा दिवस सव्वाआठला सुरू होतो

ठाण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मे महिन्यात बार्सिलोनाहून सात रात्रींची भूमध्य समुद्रातली क्रूझ, बरोबर नवरा, सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे आणि ११ व ७ वर्षांची दोन मुलं. शेवटची तीन बंदरं इटलीतली लिव्होर्नो, चिवितावेक्किया (हेच रोमचं बंदर) आणि नेपल्स, मग एक दिवस नुसता समुद्रात आणि परत बार्सिलोना. बंदरात उतरल्यावर जहाजाची कंपनी ज्या सहलींना नेते त्या सहा माणसांना फार महाग पडतायत, म्हणून त्या बाहेरची व्हॅन ठरवणार आहेत. त्या विचारतात, "रोमच्या दिवशी वेळापत्रकात सकाळी ७ ते संध्याकाळी ७ लिहिलंय. बारा तासांत रोम आणि व्हॅटिकन दोन्ही होईल ना? परतताना किती वेळ हाताशी ठेवू? आणि जहाज सुटलंच तर काय करायचं?"

मी अकरा वर्षं क्रूझ जहाजांवर होतो. त्यातली बरीचशी किनाऱ्यावरच्या सहलींच्या डेस्कवर गेली. तेव्हा जहाजाच्या सहली विकायचो, आता त्या न घेता कसं फिरायचं ते सांगतो. दोन्हीकडचं मीठ खाल्लंय, तेव्हा जे आहे ते सांगतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. नाही होणार. तुमच्या हातात बारा तास नाहीत, रोममधले जेमतेम पाच आहेत.

सगळ्यांना धास्ती असते संध्याकाळची. परतीला ट्रॅफिक लागला तर, टायर पंक्चर झाला तर. मी मात्र डेस्कवरून जे उशीर पाहिले त्यातले बहुतेक सकाळी दहाच्या आतच ठरून गेलेले होते. सकाळी पाऊण तास गळतो, तो कुणाच्या लक्षात येत नाही. मग ठरवलेलं सगळं बघायचंच असतं, म्हणून तो पाऊण तास संध्याकाळच्या राखीव वेळेतून काढला जातो. ट्रॅफिक नेहमीइतकाच असतो, राखीव वेळ मात्र आधीच खर्च झालेला असतो.

तो गळतो कसा ते बघा. '७ वाजता आगमन' याचा अर्थ सातला जहाज धक्क्याला लागतं. त्यानंतर दोर बांधायचे, गँगवे म्हणजे उतरायचा जिना लावायचा, मग बंदराचे अधिकारी मोकळीक देतात. 'आता उतरू शकता' ही घोषणा साधारण साडेसातला होते, कधी पावणेआठला. त्याच वेळी जहाजाच्या स्वतःच्या सहलींचे गट नाट्यगृहात जमलेले असतात आणि ते नंबरवार खाली सोडले जातात. तीन-चार हजार माणसं आणि लिफ्ट मोजक्या. सासूबाईंची गोळी केबिनमध्ये राहिली म्हणून कुणीतरी दहाव्या मजल्यावर परत गेलं की पंधरा मिनिटं गेली. पुढे धक्का. चिवितावेक्किया मोठं बंदर आहे. बऱ्याच धक्क्यांवरून चालत बाहेर पडता येत नाही, बंदराची बस तुम्हाला लार्गो देल्ला पाचे या बसथांब्यावर सोडते. तुमच्या व्हॅनवाल्याकडे बंदरात शिरण्याचा परवाना असेल तर तो थेट जहाजाखाली येतो, नसेल तर तो बाहेर उभा असतो आणि तुम्ही बसमध्ये. ठरवतानाच विचारा, 'गँगवेपाशी भेटणार की गेटबाहेर?' या एका प्रश्नात वीस मिनिटं आहेत.

म्हणजे सहा माणसांचं कुटुंब, त्यात दोन वयस्कर, प्रत्यक्षात चाकावर बसतं सव्वाआठला. चिवितावेक्कियाहून मध्य रोम सुमारे ८० किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर सव्वा तास, पण कामाच्या दिवशी सकाळी रोमच्या वेशीवर आपल्या ठाण्याच्या आनंदनगर नाक्याची आठवण यावी अशी रांग असते. पोचायला पावणेदहा ते दहा धरा. म्हणून कलोसियमचं तिकीट नऊचं काढू नका, साडेदहाचं किंवा अकराचं काढा. तिथली तिकिटं ठरावीक वेळेची असतात, वेळ चुकली की दारावर हुज्जत घालून उपयोग होत नाही. शिवाय ती आता नावाने मिळतात आणि ओळखपत्र मागितलं जाऊ शकतं. आपले पासपोर्ट काही जहाजं चढतानाच जमा करून घेतात. तुमचं जहाज घेत असेल तर आदल्या संध्याकाळी रिसेप्शनवर जाऊन विचारा की उद्या पासपोर्ट मिळेल का, नाहीतर दुसरं कुठलं ओळखपत्र चालेल.

आता उलटं मोजू. सातला जहाज सुटतं म्हणजे सातपर्यंत चढता येतं असं नाही. 'ऑल अबोर्ड' ही वेळ वेगळी असते, सहसा अर्धा तास आधी, काही बंदरांत त्याहून आधी. ती रोज रात्री केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकात किंवा जहाजाच्या ॲपमध्ये असते. मोजणी तिच्यापासून करायची, सुटण्याच्या वेळेपासून नाही. साडेसहा धरले तर खासगी व्हॅनने आलेलं कुटुंब बंदराच्या गेटवर पाचला हवं. रोममधून तीनला निघालात तर रस्ता चांगला असला की साडेचारला, वाईट असला की पाचला पोचाल. दहा ते तीन, हे झाले तुमचे पाच तास. त्यातला एक तास जेवणाचा.

या पाच तासांत कलोसियम आणि व्हॅटिकन म्युझियम दोन्ही बसवणारे लोक मला माहीत आहेत. दोन्ही ठिकाणांचे त्यांच्याकडे फोटो असतात, आठवण एकाचीही नसते. ज्येष्ठ बरोबर असतील तर एक निवडा. कलोसियम आतून, मग गाडीतून उतरत-चढत ट्रेव्हीचं कारंजं आणि पँथिऑन, शेवटी व्हॅटिकनमधला सेंट पीटर्सचा चौक बाहेरून, एवढं छान होतं. व्हॅटिकन म्युझियमच हवं असेल तर कलोसियम बाहेरून बघा. वार तपासा. म्युझियम रविवारी बंद असतं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते फुकट उघडतं, पण तेव्हाची गर्दी मुलांना घेऊन जाण्यासारखी नसते. बुधवारी सकाळी पोप लोकांना भेटतात, तेव्हा चौकाकडे दुपारपर्यंत फिरकू नका.

क्रमाचा नियम एकच आहे. सगळ्यात लांबचं आणि तिकिटाच्या वेळेत अडकलेलं आधी, मग बंदराच्या दिशेने सरकत यायचं, आणि शेवटी असं काहीतरी ठेवायचं जे सोडून दिलं तरी कुणाचा चेहरा पडणार नाही. सेंट पीटर्सचा चौक शेवटी ठेवला तो याचसाठी. व्हॅटिकन रोमच्या पश्चिमेला, बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला आहे, आणि बाहेरून बघायचं असल्यामुळे दहा मिनिटांतही उरकतं. उलटा क्रम लावलात तर अडीच वाजता तुम्ही कलोसियमच्या रांगेत असाल. तिकिटांचे पैसे भरलेले आणि मुलं वाट बघतायत, तेव्हा 'आता नको, निघू या' हे वाक्य कुणाच्याही तोंडून निघत नाही.

ट्रेनचा पर्याय आहे आणि तो स्वस्त आहे. साधी लोकल गाडी सान पिएत्रो स्टेशनला, म्हणजे व्हॅटिकनजवळ, पाऊण-एक तासात आणते, रोमच्या मुख्य तेर्मिनी स्टेशनला आणखी थोडा वेळ. दोघंच असता तर मी ट्रेनच सुचवली असती. परतीला जी शेवटची गाडी चालेल असं वाटतं तिच्या आधीच्या दोन गाड्या सोडून तिसरी पकडायची, हा माझा हिशोब. इटलीत रेल्वेचे संप जाहीर करून होतात आणि त्या दिवशी ठरावीक गाड्यांची हमी असते, कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९. तुम्हाला हवी असलेली तीन-चारची गाडी नेमकी या दोन पट्ट्यांच्या मधे येते. तेव्हा आदल्या आठवड्यात संपाच्या तारखा बघून ठेवा.

राखीव वेळ किती ठेवावा यावर मला रोज विचारणा होते, आणि लोकांना एक आकडा हवा असतो. तो बंदरागणिक बदलतो. अंतर हे कारण नाही. रस्ता एकच आहे की दोन-तीन आहेत, हे बघायचं. दुसरं, आणि हे फारसं कुणी विचारात घेत नाही, पुढचं बंदर कुठे आहे.

तुमचाच मार्ग घ्या. समजा चिवितावेक्कियाला जहाज चुकलं. दुसऱ्या दिवशी ते नेपल्सला आहे. रोमच्या तेर्मिनीहून नेपल्सला वेगवान गाडी सव्वा तासाच्या आत पोचवते. एक रात्र हॉटेलचा खर्च, थोडं रडणं आणि आयुष्यभर सांगायला किस्सा. लिव्होर्नोला चुकलं तरी तसंच, तिथून चिवितावेक्किया किनाऱ्याकिनाऱ्याने रेल्वेवर आहे. नेपल्सला चुकलं तर मात्र पुढे समुद्रातला दिवस आणि मग थेट बार्सिलोना. सहा माणसांची ऐनवेळची विमानतिकिटं, सामान जहाजावर, आजोबांची औषधं जहाजावर. म्हणून रोमला दीड तास राखीव ठेवा आणि नेपल्सला, जहाज शहराच्या कुशीत लागत असूनसुद्धा, दोन तास.

नेपल्सचा धक्का पियाझा म्युनिचिपियो या चौकासमोर आहे, उतरलं की शहर. ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं जुनं शहर पॉम्पेई २५ किलोमीटरवर. तिथली तिकिटंही आता नावाने असतात आणि नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे, तेव्हा आधीच काढा. पॉम्पेई करून दीडपर्यंत शहरात परत या, धक्क्यापासून चालण्याच्या अंतरावर पिझ्झा खा, संपलं. त्याच दिवशी अमाल्फीचा किनारा जोडू नका. व्हॅनवाले 'होतं की' म्हणतील. डोंगराच्या कडेने जाणारा एकच वळणावळणाचा रस्ता आहे, एक टुरिस्ट बस अडकली की सगळे अडकले. कॅप्री बेटाचंही तसंच. वेगवान बोट पाऊण-एक तासात नेते खरी, पण दुपारी वारा उठला की परतीच्या फेऱ्या रद्द होतात. तुमचं जहाज धक्क्याला निवांत डुलत असतं आणि तुम्ही बेटावर.

लिव्होर्नोबद्दल थोडक्यात. फ्लोरेन्स सुमारे ९० किलोमीटर आहे. जाणारा द्रुतगती मार्ग जुना आणि अरुंद आहे, बाजूला थांबायला जागा कमी, म्हणून एक अपघात झाला की मागचं सगळं गोठतं. दुसऱ्याच दिवशी रोमची धावपळ आहे, तेव्हा ज्येष्ठांना सलग दोन दिवस तीन-तीन तास गाडीत बसवू नका. मी तुम्हाला पिसा आणि लुक्का सांगेन, दोन्ही जवळ. मुलांना पिसाचा कलता मनोरा बघायचाच असेल. फक्त एक, ८ वर्षांखालच्या मुलांना मनोऱ्यावर चढू देत नाहीत. धाकट्याला हे जहाजावर बसायच्या आधी सांगून ठेवा, मनोऱ्याखाली नको.

लिव्होर्नोचीच एक संध्याकाळ सांगतो. मी तेव्हा गँगवेवर मदतीला उभा होतो. प्रत्येक प्रवासी उतरताना आणि चढताना कार्ड टेकवतो, त्यामुळे कोण बाहेर आहे ते सुरक्षारक्षकाच्या पडद्यावर दिसत असतं. साडेपाचला तिथे तीनशे नावं होती, सहाला चाळीस, सव्वासहाला चार. एकच आडनाव, एकच केबिन. लाउडस्पीकरवर तीनदा नावं पुकारली. मग एक अधिकारी आणि हाउसकीपिंगचा माणूस त्यांच्या केबिनमध्ये गेले, तिजोरी उघडली, चार पासपोर्ट एका खाकी पाकिटात घातले आणि पाकीट धक्क्यावर उभ्या असलेल्या पोर्ट एजंटच्या, म्हणजे बंदरात जहाजाचं काम बघणाऱ्या स्थानिक माणसाच्या, हातात दिलं. जहाजाला बंदराबाहेर काढणारा वाटाड्या, म्हणजे पायलट, वर आलेला होता. गँगवे ओढला, दोर सुटले. जहाज धक्क्यापासून वीसेक मीटर सरकलं असेल तेव्हा पांढरी व्हॅन आली. वरच्या डेकवर लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या, फोन वर करून शूटिंग केलं. व्हॅनमधून उतरलेल्या बाई जहाजाकडे बघतच नव्हत्या, धाकट्या मुलाच्या चपलेचा पट्टा लावत होत्या. फ्लोरेन्सच्या रस्त्यावर अपघात झाला होता हे नंतर कळलं. पण त्यांनी सकाळी उतरताना कार्ड टेकवल्याची वेळही पडद्यावर होती. नऊ वाजून वीस मिनिटं.

कप्तान निर्दय असतो म्हणून जहाज थांबत नाही असं नाही. पायलटची वेळ ठरलेली असते, धक्क्याचीही, आणि उशिरा निघालेल्या जहाजाला पुढचं बंदर वेळेवर गाठायला वेग वाढवावा लागतो. लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे थोडक्या वेगासाठी इंधन भसाभस जळतं. जहाजाच्या स्वतःच्या सहलीची बस उशिरा येत असेल तर ते बहुधा थांबतं, आणि नाहीच थांबलं तरी पुढच्या बंदरापर्यंत पोचवायचा खर्च कंपनी करते. जास्तीच्या पैशात तुम्ही हीच हमी विकत घेत असता. २०२४ च्या मार्चमध्ये आफ्रिकेच्या पश्चिमेला साओ टोमे बेटावर खासगी सहलीला गेलेले आठ प्रवासी उशिरा परतले. जहाज अजून नांगरलेलं होतं, तरी त्यांना वर घेतलं नाही. देशोदेशी फिरत त्यांनी अखेर सेनेगलच्या डकारला जहाज गाठलं. बातम्या बऱ्याच झाल्या, पण नियम तोच राहिला.

मग जहाजाचीच सहल कधी घ्यावी? जिथे जहाज धक्क्याला लागत नाही आणि टेंडर म्हणजे छोट्या बोटींनी उतरवतात, तिथे मी त्या बाजूने झुकतो. तुमच्या मार्गात हे नाही, पण पुढे ग्रीसला जाल तेव्हा लक्षात ठेवा. सँटोरिनीला जहाज खोल पाण्यात उभं असतं. टेंडर तुम्हाला जुन्या बंदराच्या पायथ्याशी सोडतो, वर कड्यावर 'फिरा' नावाचं गाव आहे. वर जायला केबलकार, नाहीतर सहाशेच्या आसपास पायऱ्या. केबलकार काही मिनिटांची आहे, पण एका दिवशी चार जहाजं आली की दुपारी खाली उतरायची रांग दीड-दोन तासांची होते. या गर्दीमुळेच २०२५ पासून तिथे क्रूझच्या प्रवाशांवर दिवसाला ८,००० ची मर्यादा घातली. शेवटचा टेंडर कितीला आहे, ही तिथली खरी 'ऑल अबोर्ड'. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्टेमी वारा सुटला तर टेंडर चालतच नाहीत आणि जहाज न थांबता पुढे जातं. म्हणून कुठलीही खासगी गाडी ठरवताना एक अट लेखी घ्या. जहाज बंदरात आलंच नाही तर पूर्ण पैसे परत. चांगले व्हॅनवाले ती आपणहून घालतात. जो आढेवेढे घेतो त्याला सोडा. आगाऊ रक्कमही थोडकीच द्या.

घड्याळाचं एक सांगतो, कारण त्यात मी स्वतः पोळलोय. तुमच्या मार्गात स्पेन, इटली एकाच वेळेत आहेत, काळजी नाही. पण इटलीहून ग्रीसला गेलं की वेळ तासभर पुढे जाते, आणि जहाजाचं घड्याळ बदलेलच असं नाही. मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर उन्हाळ्यात घड्याळ मायामीपेक्षा तासभर मागे असतं आणि आमचं जहाज मायामीच्या वेळेवर चालायचं. सुट्टीच्या दुपारी मी शहाळं पीत बसलो होतो. फोनमध्ये दोन चाळीस. आम्हा कर्मचाऱ्यांची परतीची वेळ प्रवाशांच्या आधी, चार वाजता. सव्वा तास आहे की, म्हटलं. मग शेजारच्या टेबलावरचा आमचाच एक वेटर उठून पळत सुटला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फोनने बेटाची वेळ घेतली होती, जहाजावर तीन चाळीस झाले होते. त्या दिवसापासून साधं काट्यांचं घड्याळ मनगटावर, जहाजाच्या वेळेला लावलेलं. सासऱ्यांच्या हातात असं घड्याळ असेलच. पहिल्या दिवशी त्यांना सांगा की वेळेची जबाबदारी तुमची. घरातल्या ज्येष्ठांना हे काम दिलं की कुणी दुकानात रेंगाळत नाही.

जहाज सुटलंच तर काय, हा तुमचा तिसरा प्रश्न. रोजच्या पत्रकावर पोर्ट एजंटचा फोन नंबर छापलेला असतो, उतरताना त्याचा फोटो काढा. उशीर होतोय असं वाटताक्षणी फोन करा, पोचल्यावर नाही. जहाज थांबेल याची खात्री नाही, पण तुम्ही कुठे आहात ते कळलेलं असलं की पासपोर्ट नीट खाली येतात आणि पुढची व्यवस्था सुरू होते. प्रत्येक मोठ्या माणसाजवळ पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत, एक क्रेडिट कार्ड आणि एका दिवसाची औषधं हवीत. औषधं सगळ्यात महत्त्वाची, बाकी सगळं पैशाने मिळतं. शेंगेन व्हिसा बहुप्रवेशाचा आहे ना, हेही आताच बघा. तुमच्या मार्गाला अडचण नाही, पण तुर्कस्तान असलेल्या मार्गावर एकदा बाहेर पडून परत आत यायचं असतं. आणि प्रवासविम्यात 'जहाज चुकणं' धरलंय का ते वाचा. बऱ्याच स्वस्त विम्यांत ते पहिल्या दिवशी जहाजावर चढण्यापुरतंच असतं, मधल्या बंदरांना लागू नसतं.

शेवटी तुम्ही जाता जाता डब्याचं विचारलंय. जहाजावरची फळं, सँडविच खाली नेऊ नका, बऱ्याच बंदरांत त्याला मनाई असते. घरून नेलेला पण बंद पाकिटातलाच तिखटमिठाच्या पुऱ्या, चकल्या, चिवडा असा कोरडा खाऊ सहसा चालतो. रोमच्या दिवशी तो पिशवीत असू द्या. साडेबाराला गाडीतच दोन पुऱ्या पोटात गेल्या तर जेवणाचा तास अर्ध्या तासावर येतो, आणि उरलेला अर्धा तास मुलं ट्रेव्हीच्या कारंज्यापाशी नाणी टाकण्यात घालवतील.